दोन माणसांचं पाणी

"साहेब, राग मानू नका, पण तुमी आंगूळ करता का न्हाई?"

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा घरमालकीण बनाबाईंनी हे विचारलं. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. हा प्रश्न मला शेवटचा विचारला तो आईने, आणि तेव्हा मी चौथीत होतो. आता चोपन्नावं चालू आहे. "करतो की," मी म्हणालो, "रोज करतो." बनाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणजे कपाळापासून चपलांपर्यंत, आणि बहुधा त्यांची खात्री पटली. "मग टाकी का खाली जात न्हाई वो तुमची? सकाळी मोटर लावली की आमची टाकी अजून निम्मी, तवर तुमची भरून वाहतीया. दोन माणसांचं पाणी धरलंय तुमाला, आन् हितं एकाचंबी सरत न्हाई." मी हसलो. चेहरा हसरा ठेवायला अलीकडे मला कष्ट पडतात, गालांना ओढ बसते. "मंडळी कवा यायच्या?" त्यांनी विचारलं. "येतील," मी म्हणालो. "शाळेच्या परीक्षा आहेत ना." त्या म्हणाल्या, "तर मग असं करू. मंडळी येईस्तोवर एकाचंच धरू. भाडं तेवढं कमी द्या. फुकट दोघांचं घेतलेलं आमाला पचायचं न्हाई." यावर कुणाही शहाण्या माणसाने बरं म्हटलं असतं. मी मात्र "नको, नको, दोघांचंच राहू दे" असं इतक्या घाईने म्हणालो की शेंगा फोडणारा त्यांचा हात थांबला. मग मी जिना चढून वर आलो.

घराचं नाव 'सेलम निवास'. सांगलीच्या या बाजूला, कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या कॉलनीत, जिथे 'इथे पूर येत नाही' हीच जागेची सगळ्यात मोठी जाहिरात असते, तिथे एखाद्या घराचं नाव सेलम निवास का असावं, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. बनाबाई मूळच्या विट्याच्याही पलीकडच्या, कोरड्या मुलखातल्या. त्यांचा मुलगा विश्वजित तिकडे तमिळनाडूत सेलमला सोनं गाळण्याचं दुकान चालवतो. त्या दुकानाच्या भट्टीतून हे घर उभं राहिलं. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे कठडे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात राहतात मात्र दोघीच, बनाबाई आणि त्यांची सून सोनिया. फाटकावर पाटी होती: 'वरचा मजला भाड्याने देणे. लाईट-पाणी धरून. फक्त फॅमिलीसाठी.' मी पाटीसमोर उभा होतो आणि जूनमधली ती दुपार इतकी चिकट होती की शर्ट पाठीपासून सुटत नव्हता. साताऱ्याला अशी हवा कधी नसते. तिथे गॅलरीत उभं राहिलं की समोर अजिंक्यतारा, आणि वारा तर असा की वाळत घातलेल्या कपड्यांना दोन-दोन चिमटे लावावे लागतात. त्या दिवशी मी पाच जागा पाहिल्या होत्या आणि पाचही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, फॅमिली आहे ना? माणूस एकटा म्हटला की लोक त्याच्याकडे गळक्या छताकडे पाहावं तसं पाहतात. सहाव्या ठिकाणी बनाबाईंनी विचारलं, "मंडळी येणार न्हवं?" आणि मी म्हणालो, "येतील."

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि ज्या अर्थी पुष्कळदा सांगावं लागतं त्या अर्थी त्यात कुठेतरी पाणी मुरत असणार. पण मंडळी हा शब्दच असा आहे. शरयू, माझी बायको, उंचीने माझ्या खांद्याला लागते, चष्मा लावूनही तिला बसची पाटी वाचता येत नाही, सातवीच्या पोरांना ती गणित शिकवते. एवढीशी ती एकटी बाई, आणि तिला म्हणायचं मंडळी! त्या शब्दात जेवणाची पंगत असते, मुलं असतात, पाहुणे असतात, दारात चपलांचा ढीग असतो. 'बायको येणार का' असं कुणी विचारलं असतं तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. 'मंडळी येणार का' याला 'नाही' म्हणणं म्हणजे सगळं जगच येणार नाही असं म्हणण्यासारखं वाटलं. शिवाय मी दमलो होतो. मला कुठेतरी पंख्याखाली पडायचं होतं. वर जाऊन जागा पाहिली, होकार दिला, आणि मग बनाबाईंनी माहिती दिली, की सगळ्या घराला मीटर एकच आहे, दुसरा घ्यायचा तर विश्वजितला यावं लागेल, त्याला कुठली सवड. म्हणून लाईट-पाणी भाड्यातच. "कोन कुनाचा दिवा मोजत बसनार? दोन माणसांचं धरून सांगितलंय," त्या म्हणाल्या. मी सहज विचारलं, खाली तुम्ही किती जण? त्या म्हणाल्या, "तिघं." मी इकडेतिकडे पाहिलं. सोनिया दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "इस्वजितला धरून," बनाबाई म्हणाल्या. "आमच्यात मेंढरांमागं कोकणात गेलेली माणसं बी धरूनच सांगायची. आमची आय म्हनायची, न धरलेलं मानूस मागारी येत न्हाई." सोनियाने तांब्या माझ्या हातात दिला आणि आत गेली.

त्या दिवसापासून खाली तिघं आणि वर दोघं राहू लागलो.

आता खरं काय ते सांगायला हवं. बदली मी स्वतः मागून घेतली. साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला शरयू इस्त्री करत होती. मी तिला म्हणालो, सांगलीच्या प्रयोगशाळेत जागा आहे, पाच-सहा वर्षं उरलीत नोकरीची, तुलाही तिकडे कुठल्या तरी शाळेत मिळेल. राजस, आमचा मुलगा, तर काय पुण्यातच असणार. शरयूने इस्त्री उभी ठेवली. ती म्हणाली, "मला तुमचा राग नाही. खरंच नाही. पण मी सांगलीला येणार नाही. आणि तुम्हीही दर शनिवारी इकडे येऊ नका. मला आता एकटीने राहायचंय. कंटाळा आलाय मला." कशाचा, मी विचारलं. तिने प्रश्नावर विचार केला. ती अशीच आहे, विचारलेल्या प्रश्नावर विचार करते. "आपला," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. खरोखर एवढंच म्हणालो. आणि उठून जाताना, तिचे कपडे झाले असतील असं वाटून, इस्त्रीचं बटण बंद केलं. ती हसली. अगदी मनापासून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, चला, हसली. म्हणजे फार काही नाही.

ते हसू मी बरोबर घेऊन सांगलीला आलो. ते आणि 'राग नाही' हे दोन शब्द. रागाचं मला कळतं. राग असता तर मी समजूत काढली असती, गजरा आणला असता, महाबळेश्वरला नेऊन आणलं असतं. कंटाळ्याची समजूत कशी काढतात? पण राग नाही म्हटल्यावर बाकीचं आपोआप निवळेल असा माझा हिशेब होता. प्रयोगशाळेत पलूसकडचे द्राक्षवाले मातीचे नमुने घेऊन येतात. त्यांना शंभरदा सांगितलेलं असतं, की शेताच्या आठ-दहा ठिकाणची माती घ्या, खाली-वर करा, मग त्यातली अर्धा किलो आणा. पण माणूस जातो तो थेट बाग जिथे हिरवीगार आहे त्या कोपऱ्यात, तिथलीच काळीभोर माती पिशवीत भरतो, आणि अहवाल चांगला आला की खूश होऊन जातो. पुढच्या वर्षी बाग बसली की आमच्या नावाने खडे फोडतो. मी त्यांना हसायचो. शरयूच्या त्या पाच-सहा वाक्यांतलं एकच वाक्य उचलून मी दहा महिने पिशवीत घालून फिरत होतो, हे माझ्या लक्षात यायला एवढा वेळ लागावा, याला काय म्हणायचं? दिव्याखाली अंधार म्हणायचं, दुसरं काय.

बनाबाईंना मी कारणं देत गेलो. आधी शाळा सुरू झाली होती, मग गणपती आले, मग दिवाळीत शरयू राजसकडे गेली होती (हे खरं होतं), मग सहामाहीचे पेपर, स्नेहसंमेलन, आता वार्षिक परीक्षा. बनाबाई प्रत्येक वेळी "असू दे, असू दे, येत्याल" म्हणायच्या. त्यांना येणाऱ्या माणसाची वाट पाहण्याचा दांडगा अनुभव होता. विश्वजित दिवाळीला यायचा होता, तो आला नाही. दुकान सोडता येत नाही म्हणे. रोज संध्याकाळी सोनिया वाळलेले कपडे काढायला गच्चीवर येते तेव्हा तिचा त्याला फोन असतो. स्पीकरवर ठेवून ती कपड्यांच्या घड्या घालते, त्यामुळे मला खोलीत सगळं ऐकू येतं. ऐकण्यासारखं काही नसतंच. "जेवला?" "व्हय." "बरं हाय?" "व्हय. आय कशी हाय?" "बरी हाय." मग थोडा वेळ तिकडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. "ठेवू?" "ठेव." हे संभाषण सातही दिवस इतकं सारखं असतं की मी ते आतून पुटपुटू शकतो. सोनिया पलूसची, बी.कॉम. झालेली, अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. लग्नानंतर दोन वर्षं ती सेलमला दुकानामागच्या खोलीत राहिली, मग सासूपाशी (त्यांना ती आत्या म्हणते) कुणी नाही म्हणून इकडे आली. माझ्याशी ती फारशी बोलत नाही. सणाला काही केलं तर वाटी आणून देते, "काका, वाटी सावकाश द्या" एवढंच. मला ती आवडायची, कारण ती मंडळींबद्दल कधी विचारत नसे.

तर मंगळवारचा तो प्रश्न. रात्रभर नाही, पण जेवताना आणि भांडी घासताना तो माझ्या डोक्यात राहिला. एकाचंच धरू, असं बनाबाई म्हणाल्या होत्या. किती साधी गोष्ट! पण मला असं वाटलं, की खालच्या ओट्यावर बसून, शेंगा फोडता फोडता, त्यांनी शरयूला या घरातून काढून टाकलं. त्यांच्या आईने सांगितलेली ती मेंढरांची गोष्ट मी काही खरी मानत नाही. मी विज्ञान शाखेचा माणूस आहे. तरी पण. साताऱ्यात आता तिला कुणी माझ्यात धरत नव्हतं. तीही धरत नव्हती. राजस फोनवर 'आई ठीक आहे' आणि 'तुम्ही ठीक आहात ना' अशी दोन वेगवेगळी वाक्यं बोलायला शिकला होता. सगळ्या जगात एकच जागा उरली होती जिथे आम्ही दोघं मिळून मोजले जात होतो, आणि ती म्हणजे सेलम निवासच्या गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी. ती मला सोडवेना.

बुधवारी सकाळी मी शरयूचं पाणी वापरायला सुरुवात केली.

आधी अगदी संकोचाने. अंघोळीला एकाऐवजी दोन बादल्या घेतल्या. मग चादरी धुतल्या, ज्या रविवारी धुतलेल्या होत्या. गुरुवारी सगळ्या खोल्या पुसल्या. आयुष्यभर मी पाणी आणि वीज यांचा पहारेकरी म्हणून जगलो. साताऱ्याच्या घरात कुणी नळ जरा मोठा सोडला तरी मी दुसऱ्या खोलीतून ओरडायचो. आणि दिवे! माणूस खोलीतून उठला की त्याच्या मागोमाग जाऊन दिवा-पंखा बंद करणं हे माझं ठरलेलं काम. शरयू वही तपासत बसलेली असायची, मधेच चहा ठेवायला उठायची, आणि दोन मिनिटांत परत यायची तर खोलीत अंधार. "अहो, मी आहे अजून इथे," ती म्हणायची. पहिल्या वर्षी हसत म्हणायची. मग नुसतंच म्हणायची. पुढे पुढे म्हणायची बंद झाली, स्वतःच येऊन बटण लावायची आणि तपासायला बसायची. सत्तावीस वर्षांत किती वेळा झालं असेल? मी कधी मनात आणलं नाही. बिल कमी यायचं, याचा मला अभिमान होता. आता इथे दिवा जळला काय, विझला काय, माझ्या खिशाला काही लागत नव्हतं, आणि मला ते बटण दाबायची सवय काही सोडत नव्हती. मी स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम चालू ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचो. तीन-चार मिनिटं बसवायचं. मग हात शिवशिवायचे. पण बसायचो. तिथे कुणीतरी काहीतरी करतंय, भाजी निवडतंय, अशा समजुतीने बसायचो. थकवा अशा गोष्टींनी जातो असं नाही, पण त्याला टेकायला काहीतरी मिळतं.

शुक्रवारी बनाबाई आणि सोनिया पलूसला गेल्या, सोनियाच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. जाताना बनाबाईंनी मोटरचं बटण मला दाखवून ठेवलं. "आज बघितलं. टाकी खाली गिलीया," त्या समाधानाने म्हणाल्या, "आता कसं!" शाळेतल्या मुलाची पाठ थोपटावी तसं मला वाटलं. शनिवारी घर रिकामं होतं. खालून भांड्यांचा आवाज नाही, गच्चीवर फोन नाही. मी टाकी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. रविवारी सकाळी माझी अंघोळ झाली, चहा झाला, पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. मग उठून न्हाणीघरात गेलो, बादलीखाली नळ सोडला आणि दार लोटून परत येऊन बसलो. त्या वेळी टाकीची गरज नव्हती, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. हे मी कबूल करतो. आदल्या दिवशी दाराआडून तो आवाज ऐकला होता आणि मला तो पुन्हा ऐकायचा होता. बादली भरेपर्यंत पाण्याचा आवाज वर चढत जातो, मग भरून वाहू लागली की तो एकसारखा होतो, फरशीवर पसरतो. दार लोटलेलं असलं की त्यात आणखी एक आवाज ऐकू येतो, तांब्या बुडवल्याचा, नसला तरी. शरयू रविवारी केस धुवायची. साडेनऊला आत गेली की दहाला बाहेर, आणि तेवढ्या वेळात मी पेपरातली शब्दकोडी सोडवून टाकायचो. घरात कुणीतरी अंघोळ करत आहे, आपण पेपर वाचत आहोत. यापेक्षा जास्त मला संसारात कधी काही हवं होतं असं वाटत नाही. आणि हेच तर झालं असेल. तेवढ्यावरच माझं भागत होतं. तिचं भागत होतं का, हे मी दाराबाहेरून कधी विचारलं नाही. मी पेपर मांडीवर ठेवला. मला एकदम रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही, आणि त्याचाही मला शीण आला.

बेल वाजली. मी दार उघडलं.

बनाबाई नव्या इरकलीत उभ्या होत्या, त्यांच्यामागे सोनिया. सोनियाच्या हातात ताट होतं. ताटात नारळ, हिरवा खण, ओंजळभर तांदूळ, हळदीकुंकवाची कोयरी. पहिल्या गाडीने दोघी पलूसहून परत आल्या होत्या, हे मला त्यांच्या पायांवरच्या धुळीवरून कळलं. बनाबाईंचा चेहरा इतका उजळला होता की मला मागे सरकावं लागलं. "आमाला कळलं बरं का!" त्या म्हणाल्या. "तुमी हिकडं खोकताय आन् आत आंगूळ चाललीया, म्हटलं आल्या मंडळी! काल आल्या व्हय? आदी ओटी भरती, मग च्या." आणि मी काही बोलायच्या आत त्या आत शिरल्या, स्वयंपाकघरातला जळता दिवा पाहून त्यांनी मान डोलावली आणि न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "बाई, आवं बाई! सावकाश व्हऊ द्या तुमचं. आमी बसतो."

आतून पाणी पडत राहिलं.

आम्ही तिघं उभे होतो. मला सोनियाकडे पाहवेना. बनाबाई दाराशी कान देऊन वाट पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक अजून तसंच होतं, ते कुठल्याही क्षणी जाणार हे मला एकट्याला ठाऊक होतं. झाकली मूठ म्हणतात, पण किती वेळ झाकायची? बोटं भरून येतात. "बनाबाई," मी म्हणालो, "आत कुणी नाही." त्यांना ते ऐकू आलं नसावं. मी पुढे होऊन दार ढकललं. बादली वाहत होती, पाणी मोरीत चाललं होतं, साबणाच्या वडीवरून, माझ्या एकुलत्या एका टॉवेलखालून. त्यांनी आत पाहिलं. मग पदर खोचून त्या आत गेल्या आणि नळ बंद केला, इतका घट्ट की तो करकरला.

"मंडळी कुठं हायत?"

"साताऱ्याला."

"मग पानी?"

"मीच सोडलं होतं."

"कशापायी?" मी साबणाची वडी उचलून जागेवर ठेवली. "नुसतंच?" त्या म्हणाल्या. "नुसतंच सोडलं पानी?" त्यांनी हे तीनदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी आवाज खाली खाली जात होता. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या गावात बायका बारा-बारा दिवस टँकरची वाट बघायच्या, पोराला धुतलेलं पाणी म्हशीला ठेवायच्या, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. बायको येणार म्हणून मी खोटं बोललो, ते त्यांनी कदाचित पोटात घातलं असतं, लोक तसं खोटं बोलतातच. हे त्यांना कुठे घालावं ते कळेना. "त्या येणार न्हाईत व्हय?" शेवटी त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या खाली बसल्या, मग लगेच उठल्या. "आमी एकट्या गड्याला जागा देत न्हाई, साहेब. घरात सून हाय. तुमाला ठाव हाय." "हो." "म्हैनाभर ऱ्हावा. दुसरीकडं बघा." "हो," मी म्हणालो. त्या दाराबाहेर गेल्या, जिन्यावर थांबल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. इतकं हळू उतरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सोनिया मागे राहिली. गडबडीत ताट कलंडून थोडे तांदूळ फरशीवर सांडले होते, ते ती उकिडवी बसून वेचत होती. मी खुर्चीत बसलो. मला वाटलं आता सगळं झालं. पुन्हा जागा शोधायची, पुन्हा पाट्या वाचायच्या, आणि या खेपेला पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. कठीण आहे, पण एका अर्थी सुटलो. एवढ्यात खाली मान घालूनच तिने विचारलं, "काका, काकूंनी तोंडावर सांगितलं? येणार न्हाई म्हणून?"

"हो."

"भांडान व्हऊन?"

"नाही. भांडण नाही झालं. इस्त्री करत होती."

ती थांबली. "मग काय म्हणाल्या? त्यांचं शब्द सांगा की."

दहा महिन्यांत ही वाक्यं मी कुणापाशी उच्चारली नव्हती, राजसपाशीही नाही. मनात तर पूर्ण कधी म्हटलीच नव्हती. मी सांगितली. मला तुमचा राग नाही. खरंच नाही. पण मी येणार नाही. तुम्हीही येऊ नका. मला आता एकटीने राहायचंय. कंटाळा आलाय मला. कशाचा, तर आपला. माझा आवाज मला परका वाटला; अहवाल वाचून दाखवावा तसा सपाट. पण एक झालं. एका पाठोपाठ एक म्हटली तेव्हा त्या वाक्यांचा अर्थ एकच होता, दुसरा कुठलाही निघत नव्हता. पहिल्या दिवशीसुद्धा निघत नसणार.

"परत एकदा सांगा," सोनिया म्हणाली.

मी पुन्हा सांगितली. या वेळी तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शाळेत पोरं पाढे पाठ करतात तसे. मुठीतले तांदूळ तिने ताटात टाकले नव्हते.

"मला बी सांगायचंय," ती म्हणाली. "सेलमला. दोन वरसं झाली, मनात जुळवतीया, पण कुठनं सुरू करायचं त्येच कळंना. भांडान काढलं तर आत्या मदी पडत्यात. रडलं तर ते म्हंत्यात, येतो दिवाळीला. मला त्यांनी यायलाच नगं हाय आता, काका. मला पलूसला जायाचंय, नोकरी बघायचीय. त्यांचा राग बी न्हाई मला. लय चांगलं हायत ते." तिने माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. सेलमला दुकानामागच्या खोलीत बसलेला, मी कधी न पाहिलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याची मला कणव आली. संध्याकाळी फोन घेईल, 'जेवला?' याची वाट पाहील. त्याला सावध करावं असं क्षणभर वाटून गेलं. खालून बनाबाईंची हाक आली, "सोने!"

"आले, आत्या!" ती उठली. ताट कमरेशी धरून दारापर्यंत गेली आणि वळली. "एवढं सांगा फक्त. राग न्हाई, हे आदी म्हणायचं का नंतर?"

मी विचार केला. विचारलेल्या प्रश्नावर, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, मी नीट विचार केला.

"नंतर," मी म्हणालो. "आधी म्हणालीस, तर तो तेवढंच ऐकेल."